उणे ४० अंशांतही अडकणार नाही असं पिस्तूल फिनलंडने बनवलं, पण युद्ध आलं तेव्हा ते किती जणांच्या हातात होतं?

डहाणू तालुक्यातल्या आशागडला थंडी पडते म्हणजे काय होतं? पहाटे अंगणात शेकोटी पेटते, चिकूच्या वाडीत कामाला निघालेली माणसं कानाला मफलर गुंडाळतात आणि घरातली खोबरेल तेलाची बाटली गोठलेली असते. मग कोणीतरी ती बाटली उन्हात नेऊन ठेवतं, नाहीतर चुलीच्या कडेला. तेल सुटलं की डोक्याला लावायचं. विषय संपला.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की घट्ट व्हायला लागतं. म्हणजे आशागडच्या साध्या गुलाबी थंडीलाही ते टिकत नाही.

आता हाच प्रकार पिस्तुलाच्या आत झाला तर? पिस्तुलाच्या हलणाऱ्या भागांनाही तेल लागतं. ते खोबरेल नसतं, बऱ्याच खालच्या तापमानापर्यंत पातळ राहतं. पण पारा उणे ३०, उणे ४० वर गेला की त्याचाही चिकट लगदा होतो. आणि समोर शत्रू असताना पिस्तूल उन्हात ठेवून तेल सुटायची वाट बघता येत नाही.

२०१९ मध्ये सियाचीनमधल्या जवानांचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. अंडं हातोड्याने फुटत नाही, ज्यूसच्या डब्यातून विटेसारखा बर्फाचा ठोकळा निघतो, बटाटा आपटला तरी काही होत नाही. अंड्याची ही गत, तर बंदुकीचं काय होत असेल, असा प्रश्न तो व्हिडिओ बघताना अनेकांच्या मनात आला असेल.

या प्रश्नावर जवळपास ९० वर्षांपूर्वी एका छोट्या देशातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाने उत्तर शोधलं होतं. उत्तर बरोबरही होतं. तरीही त्याचा उपयोग व्हायला हवा होता तेव्हा फारसा झाला नाही. का नाही झाला, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तोच प्रश्न आज पुण्यात बनलेल्या एका शस्त्रापुढेही आहे.

थंडीत बंदूक अडकते म्हणजे नेमकं काय होतं?

आधी पिस्तूल चालतं कसं ते बघू. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते, गोळी पुढे सुटते आणि तेवढाच धक्का मागच्या बाजूला बसतो. हा मागचा धक्का वाया जाऊ न देता पिस्तूल त्यावरच पुढचं काम उरकतं. धक्क्याने मागचा जड भाग, म्हणजे बोल्ट, मागे सरकतो. जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. स्प्रिंग त्याला परत पुढे ढकलते आणि येताना तो मॅगझिनमधलं नवीन काडतूस नळीत सरकवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

म्हणजे पिस्तुलाला मिळणारी ताकद ठरलेली असते. एका गोळीचा जेवढा धक्का, तेवढंच इंधन.

थंडी या हिशोबावर चहूबाजूंनी हल्ला करते. तेल घट्ट झालं की बोल्टला सरकायला जास्त जोर लागतो. त्याच वेळी दारूही थंड असल्यामुळे सावकाश जळते, त्यामुळे धक्का कमी बसतो. काम वाढलं आणि ताकद घटली. मग बोल्ट अर्ध्यातच थांबतो, पुंगळी बाहेर पडत नाही, मध्येच अडकून बसते.

त्यात भर पडते पाण्याची. सैनिक शेकोटीच्या उबेतून बाहेर आला की त्याच्या शस्त्रावर दव जमलेलं असतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसंच हे. बाहेर जाताच त्या दवाचा बर्फ होतो आणि सगळे सांधे जखडतात. म्हणून अतिथंड प्रदेशात शस्त्र तंबूच्या आत आणण्याऐवजी बाहेरच ठेवायची पद्धत आहे. शिवाय उघड्या फटींमधून बर्फाचा भुगा आत शिरतो. उघड्या हाताने धातू धरला तर कातडी चिकटते, आणि हातमोजे घातले तर बोटांना चाप नीट कळत नाही.

प्राथमिक शाळेपुरतं शिक्षण, पण हात मात्र मिस्त्रीचा

फिनलंड १९१७ मध्ये रशियापासून स्वतंत्र झाला. देश नवा, लोकसंख्या पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात आणि शेजारी अवाढव्य सोव्हिएत संघ. सैन्याकडची शस्त्रं इकडूनतिकडून जमवलेली होती. अधिकाऱ्यांसाठी जर्मनीचं प्रसिद्ध लुगर पिस्तूल घेतलं होतं. दिसायला देखणं, नेम अचूक, पण त्याची रचना नाजूक. लुगरचा वरचा सांधा गोळी झाडताना गुडघ्यासारखा दुमडून वर उचलला जातो. एवढा भाग उघडा पडला की माती आणि बर्फ आत जायला वाट मिळते.

याच फिनलंडमध्ये १८९६ साली विआला या गावात आइमो लाहती यांचा जन्म झाला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. तरुण वयात त्यांनी स्वतःच्या पैशांनी एक जुनी रशियन बर्दान रायफल विकत घेतली आणि तिथून शस्त्रांचं वेड लागलं. पुढे ते सैन्यात शस्त्रं दुरुस्त करणारे कारागीर झाले. कॉलेजात जाऊन इंजिनिअरिंग न शिकता हा माणूस अख्ख्या देशाचा शस्त्र डिझाइनर बनला.

त्यांची सगळ्यात गाजलेली निर्मिती म्हणजे १९३१ ची 'सुओमी' सबमशीन गन. वीस मिलिमीटरची रणगाडाविरोधी रायफलही त्यांचीच. ती इतकी अवजड होती की सैनिक तिला 'हत्तीची बंदूक' म्हणायचे. त्याच सुमारास सैन्याला लुगरच्या जागी स्वदेशी पिस्तूल हवं होतं. अट एकच होती, ते फिनलंडच्या हिवाळ्यात चाललं पाहिजे.

१९३५ मध्ये लाहतींचं पिस्तूल सैन्याने स्वीकारलं. नाव पडलं एल-३५. म्हणजे लाहतींचा 'एल' आणि १९३५ सालातला '३५'.

कॅरमचा स्ट्रायकर आणि लाहतींची युक्ती

लांबून बघितलं तर एल-३५ हे लुगरचं भावंड वाटतं. मुठीचा तोच उतार, तशीच बारीक नळी. आतलं यंत्र मात्र पूर्ण वेगळं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बंद पेटी. लुगरसारखा दुमडणारा सांधा काढून टाकला आणि बोल्ट एका भक्कम पोलादी पेटीच्या आत सरकेल अशी सोय केली. पिस्तूल बंद असताना पुंगळी बाहेर पडायची खिडकीसुद्धा बोल्टनेच झाकली जाते. बर्फाला आत शिरायला फटच ठेवली नाही.

दुसरी गोष्ट खरी गंमतीची आहे. तिला अ‍ॅक्सलरेटर म्हणतात.

एल-३५ मध्ये गोळी सुटल्यावर नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत थोडंसं अंतर सोबत मागे जातात. मग नळी थांबते आणि बोल्ट एकटा पुढचा प्रवास करतो. बहुतेक पिस्तुलांत नळी थांबली की तिच्यातला वेग तिथेच वाया जातो. लाहती यांनी विचार केला की नळीही जड आहे, तिच्यातही जोर शिल्लक आहे, तो बोल्टला का देऊ नये?

कॅरम खेळताना स्ट्रायकर सोंगटीवर बरोबर आपटला की स्ट्रायकर जागीच मंदावतो आणि सोंगटी सुसाट सुटते. स्ट्रायकरचा वेग सोंगटीत गेलेला असतो. लाहती यांनी पिस्तुलात एक छोटी तरफ बसवली, तिने नेमकं हेच केलं. मागे येणारी नळी तरफेच्या जवळच्या टोकाला ढकलते. तरफ फिरते आणि तिचं लांबचं टोक बोल्टला जोरात मागे फेकतं. नळी थांबते, बोल्ट दुप्पट उत्साहाने निघतो.

तेल घट्ट झालं असेल, दारूचा जोर कमी पडला असेल, तरी या जादा ढकलण्यामुळे बोल्ट शेवटपर्यंत पोहोचतो आणि पुंगळी बाहेर पडते. अशी तरफ ब्राउनिंगच्या मशीनगनमध्ये आधीपासून होती. पण कमरेला लावायच्या पिस्तुलात ती बसवणं ही तेव्हा फारच दुर्मीळ गोष्ट होती.

याची किंमतही मोजावी लागली. पिस्तुलाचं वजन सव्वा किलोच्या आसपास गेलं. एवढं जड पिस्तूल, पण मॅगझिनमध्ये गोळ्या फक्त ८. साफ करण्यासाठी वरवर खोलता यायचं, पण पूर्ण खोलायचं तर कारागीर आणि वर्कशॉप लागायचं. आणि सगळ्यात मोठी अडचण होती ती बनवण्याची. पोलादाच्या ठोकळ्यातून एकेक भाग कोरून, घासून, जुळवून हे पिस्तूल तयार व्हायचं. वेळ खाऊ काम. कुशल हात आणि चांगली यंत्रं, दोन्ही फिनलंडकडे मोजकीच होती.

युद्ध आलं, पिस्तूल आलं नाही

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. इतिहासात याला 'हिवाळी युद्ध' म्हणतात. तो हिवाळाही असा की काही ठिकाणी पारा उणे ४० च्या खाली गेला.

म्हणजे ज्या दिवसासाठी एल-३५ बनवलं होतं, तो दिवस अक्षरशः उजाडला होता.

पण पिस्तुलं होती कुठे? सैन्याने ते स्वीकारून चार वर्षं झाली होती, तरी सरकारी रायफल कारखान्यातून फारच थोडी पिस्तुलं बाहेर पडली होती. युद्ध सुरू झाल्यावर तर कारखान्यापुढे पिस्तुलापेक्षा कितीतरी निकडीची कामं आली. रायफली हव्या होत्या, लाइट मशीनगन हव्या होत्या, रणगाडे थांबवणारी शस्त्रं हवी होती. पिस्तूल हे अधिकाऱ्याचं किंवा तोफखान्यातल्या माणसाचं जोडशस्त्र. त्याचा नंबर शेवटी लागला.

तेव्हा फिनलंडच्या सैन्याची अवस्था इतकी ओढग्रस्तीची होती की अनेक सैनिकांना पूर्ण गणवेशही मिळाला नव्हता. सरकारने दिला टोपीवरचा बिल्ला आणि कमरेचा पट्टा, बाकी कपडे घरचे. तत्कालीन पंतप्रधान कायांदर यांच्या नावावरून लोक या पोशाखाला उपहासाने 'मॉडेल कायांदर' म्हणायचे.

मग ते लढले कसे? जे हातात होतं त्यालाच थंडीची सवय लावून. शस्त्रातलं तेल पुसून जवळजवळ कोरडं ठेवायचं किंवा पातळ करून वापरायचं, शस्त्र आत-बाहेर न्यायचं नाही, स्कीवरून जायचं, बर्फात पांढरे कपडे घालायचे. थंडी समोरच्यालाही तेवढीच होती आणि सोव्हिएत सैन्याच्या बऱ्याच तुकड्या तिच्यासाठी तयार नव्हत्या.

१०५ दिवस हे युद्ध चाललं. मार्च १९४० मध्ये तह झाला. फिनलंडचं स्वातंत्र्य वाचलं, पण देशाचा साधारण दहावा हिस्सा गेला आणि चार लाखांहून जास्त लोकांना घरदार सोडून यावं लागलं.

फिनलंडने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एल-३५ बनवलं. इतक्या वर्षांत एकूण संख्या भरली सुमारे ९ हजार.

शेजाऱ्याकडे गेलं आणि संख्या नऊपट झाली

गंमत म्हणजे लाहतींचं पिस्तूल सगळ्यात जास्त बनलं ते स्वीडनमध्ये. स्वीडनने आधी जर्मनीचं वॉल्टर पिस्तूल निवडलं होतं. पण दुसरं महायुद्ध पेटल्यावर जर्मनीला स्वतःचीच गरज भागवायची होती, माल मिळेना. मग स्वीडनने शेजारच्या फिनलंडचं डिझाइन घेतलं आणि हुस्कवार्ना कंपनीने ते 'एम-४०' नावाने बनवायला सुरुवात केली. १९४६ पर्यंत सुमारे ८४ हजार पिस्तुलं तयार झाली. मूळ देशाच्या नऊपट!

पण घाईगर्दीच्या युद्धकाळात पोलादाचा दर्जा मूळच्या इतका राहिला नाही. पुढे सबमशीन गनसाठी बनवलेली जास्त जोराची काडतुसं याच पिस्तुलात वापरली गेली आणि पेट्यांना तडे जायला लागले. १९८० च्या दशकात स्वीडनने एम-४० मोडीत काढलं आणि त्याच्या जागी ऑस्ट्रियाचं ग्लॉक आणलं.

ग्लॉक म्हणजे एल-३५ च्या अगदी उलट विचार. सांगाडा प्लास्टिकचा, भाग थोडे, वजन कमी, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, आणि कारखान्यातून धडाधड बाहेर पडणारं. त्यात अ‍ॅक्सलरेटर वगैरे काही नाही. तरीही नॉर्वे आणि स्वीडनसारख्या बर्फाळ देशांनी तेच निवडलं. थंडीत टिकायला खास यंत्रणाच लागते असं नाही, साधी रचना आणि चांगलं तेलही पुरतं, हे तोवर कळलं होतं.

त्याच वर्षी जन्मलेलं दुसरं पिस्तूल भारतात आलं

१९३५ मध्येच बेल्जियममध्ये आणखी एक पिस्तूल बाजारात आलं. ब्राउनिंग हाय-पॉवर. तेही ९ मिलिमीटरचंच, पण मॅगझिनमध्ये १३ गोळ्या आणि बनवायला त्या मानाने सोपं. दुसऱ्या महायुद्धात तर दोन्ही बाजूंनी ते वापरलं. बेल्जियमवर ताबा मिळवल्यावर जर्मनांनी ते तिथल्याच कारखान्यात बनवून घेतलं आणि मित्रराष्ट्रांसाठी ते कॅनडात बनलं.

युद्धानंतर ते पन्नासहून जास्त देशांत पोहोचलं. भारतीय सैन्यातलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल याच घराण्यातलं आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ते बनतं. सियाचीन असो की राजस्थानचं वाळवंट, कित्येक अधिकाऱ्यांच्या कमरेला वर्षानुवर्षं हेच होतं.

म्हणजे एकाच वर्षी दोन पिस्तुलं आली. थंडीचा विचार जास्त खोलवर केला होता तो एल-३५ ने. पण जगभर पोहोचलं ते दुसरंच, कारण ते लाखोंच्या संख्येने बनवता येत होतं.

पुण्याची 'अस्मी' आणि उत्तरेची थंडी

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या पाषाण भागात डीआरडीओची शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळा आहे, एआरडीई. पिनाका रॉकेट यंत्रणा इथलीच. इन्सास रायफलही इथलीच.

इन्सासने थंडीचा धडा चांगलाच शिकवला होता. १९९९ च्या कारगिल युद्धात ही रायफल उंच डोंगरांवर वापरली गेली, तेव्हा तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला थंडीत तडे जातात, रायफल मध्येच अडकते, अशा तक्रारी आल्या. एल-३५ च्या वेळी तेल आणि बर्फ ही अडचण होती, इथे प्लास्टिक. थंडी प्रत्येक शस्त्रातला कच्चा दुवा शोधून काढते तो असा. चांगलं प्लास्टिक ग्लॉकसारखं टिकतं, कच्चं असेल तर तडकतं.

जानेवारी २०२१ मध्ये एआरडीई आणि महू इथल्या इन्फंट्री स्कूलने मिळून तयार केलेल्या एका शस्त्राची घोषणा झाली. नाव 'अस्मी'. भारताचं पहिलं स्वदेशी ९ मिलिमीटर मशीन पिस्तूल. सैन्याच्या बाजूने त्याची रचना केली होती लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी.

मशीन पिस्तूल म्हणजे पिस्तुलापेक्षा थोडं मोठं आणि चाप दाबून धरला तर एकापाठोपाठ गोळ्या झाडणारं शस्त्र. रणगाड्यातले जवान, गाडीचे ड्रायव्हर, रडार आणि रेडिओ सांभाळणारे, दहशतवादविरोधी कारवाईत अरुंद खोलीत शिरणारे, अशांसाठी ते बनवलं आहे.

अस्मीचा वरचा भाग विमानासाठी वापरतात त्या दर्जाच्या अ‍ॅल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा. नमुने बनवताना थ्री-डी प्रिंटिंग वापरलं. चापाचे काही भाग तर थेट धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगने काढले. त्यामुळे नमुने तयार व्हायला फक्त चार महिने लागले. एका नगाचा खर्च ५० हजार रुपयांच्या आत राहील, असं तेव्हा सांगण्यात आलं होतं.

अस्मी काही फक्त थंडीसाठी बनवलेलं नाही. पण सैन्यात त्याची पहिली मोठी खेप गेली ती उत्तर विभागाकडे, म्हणजे नॉर्दर्न कमांडकडे. जम्मू-काश्मीर आणि लडाख याच कमांडच्या अखत्यारीत येतात, सियाचीनसुद्धा. २०२४ मध्ये अशी ५५० मशीन पिस्तुलं तिथे दाखल झाली. ती बनवली हैदराबादच्या लोकेश मशीन्स या कंपनीने.

तारखा नीट बघितल्या तर लक्षात येईल. नमुने चार महिन्यांत. पहिली ५५० मात्र घोषणेनंतर तीन वर्षं उलटून गेल्यावर.

लाहतींचंही हेच झालं होतं. १९३५ मध्ये पिस्तूल तयार, १९३९ मध्ये युद्ध, आणि मधली चार वर्षं कारखान्याच्या रांगेत गेली.

मग थंडीवरचं उत्तर कोणतं?

सियाचीनमध्ये १९८४ पासून भारतीय सैन्य ठाण मांडून आहे. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने जास्त जवान गेलेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, त्यात दहा जवान गेले. त्यातला एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला होता. माण म्हणजे आपल्याकडचा दुष्काळी पट्टा. उन्हाने रापलेल्या गावातून निघालेला पोरगा एकोणीस हजार फुटांच्या वर बर्फात पहारा देतो, तेव्हा त्याचे बूट, त्याचा तंबू, त्याचा स्टोव्ह आणि त्याच्या हातातलं शस्त्र, यातली प्रत्येक वस्तू त्या थंडीत चाललीच पाहिजे.

आइमो लाहती १९७० मध्ये गेले. त्यांचं एल-३५ आज संग्रहालयांत आणि जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांकडे दिसतं. अभियांत्रिकीचा उत्तम नमुना म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. थंडीत पिस्तूल का अडकतं हे त्यांनी बरोबर ओळखलं आणि बोटभर तरफेने त्यावर तोडगा काढला.

पण हिवाळी युद्धातल्या बहुतेक सैनिकांनी ती तरफ कधी पाहिलीही नाही. शस्त्र किती भारी आहे याबरोबरच ते बर्फ पडायच्या आधी किती जणांच्या हातात पोहोचलं, हेही बघावं लागतं. पुढच्या वेळी एखाद्या नव्या स्वदेशी शस्त्राच्या चाचणीची बातमी मोबाईलवर आली, तर हा दुसरा आकडा नक्की शोधा. तो बातमीत बहुतेक वेळा सगळ्यात खाली असतो.